ज्या दुपारी थांबाभाऊ ‘थांबा’ म्हणाला नाही

थांबाभाऊला खऱ्या नावाने हाक मारणारं दवाखान्यात कुणी उरलंच नव्हतं. पगाराची पावती देणारा कारकूनसुद्धा खिडकीतून ओरडायचा, "या थांबाभाऊ, तुम्हाला नाही थांबवत!" कुणी संगणकात काही बदलायला निघालं, नवीन प्रोग्रॅम टाकायला, जुना काढायला, अगदी साधी दुरुस्ती करायला, की हा खुर्चीतून अर्धा उठून हात वर करायचा. "थांबा. आधी स्नॅपशॉट घेतो." चौकातला पोलीस इतक्या मनापासून हात वर करत नसेल.

दवाखाना घशाच्या आजारांचा. तळघरात एक खोली, एसीने गारठलेली. तिथे माणसापेक्षा उंच एक काळं कपाट होतं. त्यात डिस्कांच्या रांगा, प्रत्येकीवर हिरवा दिवा, आणि पंख्यांची अखंड घरघर. सगळ्या दवाखान्याचं लिहिलेलं, टिपलेलं, एक्स-रेमध्ये पकडलेलं त्या कपाटात. थांबाभाऊ तिथला राखणदार, अर्थातच कंत्राटी. मी कंत्राटी लोकांची संघटना चालवते, म्हणून आमची ओळख. ओळख म्हणजे भांडण. एसीत बसणाऱ्यांना फाटकावर उभं राहणाऱ्यांचं दुःख कळत नाही असं मी तोंडावर म्हटलं होतं, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "एसी माझ्यासाठी नाही गं, डिस्कांसाठी आहे. मी स्वेटर घालून बसतो." खरंच घालायचा. बदामी रंगाचा, कोपरावर रफू केलेला, भर उन्हाळ्यातही.

एकदा मी विचारलं, "भाऊ, रोज एवढे फोटो काढता, ते लावता कुठं?"

"फोटो नाही ते. तिथंच लोक फसतात." मग आम्ही चहा प्यायचो त्या टपरीच्या भिंतीकडे बोट दाखवून त्याने मला समजावलं. मी शाळेतून अर्ध्यात उठलेली बाई, पण त्या दिवशी मला कळलं ते आजवर विसरले नाही. "समज, या भिंतीवर खडूने काहीतरी लिहिलंय. मी स्नॅपशॉट घेतला, म्हणजे भिंतीची दुसरी भिंत केली असं नाही. मी फक्त म्हटलं, आत्ता जे आहे ते मला हवंय. मग कुणी एखादी ओळ पुसायला आला की कपाट त्याला म्हणतं, जरा दम धर, ही ओळ आधी पाटीवर उतरवतो, मग तू पूस. न पुसलेल्या ओळी भिंतीवरच राहतात. उद्या जुनं वाचायचं झालं तर भिंतही लागते आणि पाटीही लागते."

"म्हणजे ती प्रत नाही?"

"छे! भिंतच पडली तर पाटीवरच्या चार ओळींचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि पाटी भरली तर?"

इथे तो हसला. असा प्रश्न त्याला कुणी विचारत नसावं. "पाटी भरली की दोनच वाटा. लिहिणाऱ्याचा हात धरायचा, नाहीतर पाटी फेकून द्यायची. कोणती वाट घ्यायची ते कपाट बसवतानाच विचारतं. मी सांगून ठेवलंय, पाटी फेक. दवाखाना आहे बाई. आत कुणाचा तरी घसा तपासायचं चाललेलं असतं. जुन्या ओळींपायी त्याला ताटकळत ठेवायचं का?"

उत्तर मला तेव्हा आवडलं होतं. माणूस स्वतःच्या कामापेक्षा रांगेतल्या रुग्णाला मोठं मानतोय, असं वाटलं होतं.

त्याची बायको त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर, नोंदणीच्या खिडकीत. मी तिला वहिनी म्हणायचे. रुग्णांची नावं पुकारायचं तिचं काम. खिडकीतला माईक बिघडला तर ते कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. वहिनींना माईकची गरज नव्हती. बहिरा म्हातारा असो की फोनमध्ये डोकं घातलेला पोरगा, त्यांनी नाव पुकारलं की माणूस उठून उभा राहायचा आणि उठल्यावर विचार करायचा की आपण का उठलो. मला त्या पुढारीणबाई म्हणायच्या. "काय पुढारीणबाई, आज कुणाला मुर्दाबाद?" हे अख्ख्या हॉलला ऐकू जायचं आणि मी ज्या साहेबाकडे निवेदन घेऊन निघालेली असे, तो मागच्या दाराने सटकायचा.

घरी थांबाभाऊ दारातच घोटाळायचा. चप्पल नीट जोडीने लावायची, दिवा तपासायचा, कुलूप दोनदा ओढून बघायचं. मग म्हणायचा, "मी आलो." आतून यायचं, "आलात ते कळलं! आत या, का दारातच स्नॅपशॉट घेत बसणार?" रोज. तोच टोमणा, त्याच सुरात. मी जितक्या वेळा त्यांच्याकडे गेले तितक्या वेळा ऐकला. थांबाभाऊ दरवेळी नवा ऐकल्यासारखा गालातल्या गालात हसायचा.

मग वहिनींचा आवाज बसला. सर्दी म्हणून त्यांनी अंगावर काढलं. दवाखान्यात काम करणारी माणसं दवाखान्याला घाबरतात, हा माझा अनुभव आहे. शेवटी डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनची तारीख लवकर मिळाली, कारण आजार पुढे गेला होता. पण कॉरिडॉरमध्ये कुजबुज सुरू झाली ती वेगळीच. तळघरवाल्याने वशिला लावला. कपाटाची किल्ली ज्याच्या हातात त्याला कोण नाही म्हणणार? मी कुजबुजणाऱ्या दोघांना गाठून झापलंसुद्धा. थांबाभाऊने मात्र ते मनाला लावून घेतलं. "लोक म्हणतात ते खोटं असलं तरी दिसतं खऱ्यासारखं," असं म्हणाला. त्या दिवसापासून तो बायकोला रुग्णासारखं वागवायला लागला. म्हणजे रांगेत बसवायला लागला. तपासणीला तिच्याबरोबर जायचा आणि नाव पुकारेपर्यंत बाकावर बसून राहायचा, तिच्याच खिडकीसमोर.

त्या दवाखान्यात आवाजाचा एक विभाग आहे. तिथल्या शिक्षिकेला सगळे वाचाताई म्हणतात. ऑपरेशनआधी रुग्णाला काचेच्या खोलीत बसवून त्याचा आवाज साठवून ठेवायचा. मग पुढे फोनवर काही लिहिलं की फोन त्या माणसाच्याच आवाजात बोलेल, अशी ती सोय. त्यासाठी छापील वाक्यं दिलेली असतात. वहिनींनी कागद हातात घेतला. "आज हवा छान आहे. खिडकी उघडी आहे. टेबलावर पाण्याचा पेला आहे." एवढं वाचून त्या थांबल्या.

"वाचाताई, ही बाई कोण? हिला घरात दुसरं काम नाही का?"

"वाक्यं आहेत वहिनी. सगळे वाचतात."

"सगळे वाचोत. मी मेल्यावर माझी मुलगी हे ऐकणार का, पाण्याचा पेला?"

"मरताय कशाला? ऑपरेशन आहे."

"तेच ते. आवाज मेल्यावर."

आणि त्यांनी कागद बाजूला ठेवला. पुढचे कित्येक दिवस, जसं जमेल तसं, बसलेल्या घोगऱ्या आवाजात त्या मनाला येईल ते बोलत राहिल्या. दूर राहणाऱ्या मुलीला रागावल्या, भाजीवाल्याशी घासाघीस केली, खिडकीतली नावं पुकारली. साहेबाची नक्कल केली आणि स्वतःच्याच नकलेला हसल्या. नवऱ्याला हाका मारल्या, "अहो" या एका शब्दाच्या जितक्या तऱ्हा असतात तितक्या सगळ्या: कौतुकाची, कंटाळ्याची, साखर संपल्याची, साप दिसल्याची. वाचाताईंनी अडवलं नाही. म्हणाल्या, यातूनही मशीन शिकेल, उलट जास्त शिकेल. ते सगळं तळघरातल्या कपाटात, आवाज विभागाच्या नावाने वेगळ्या केलेल्या डिस्कवर जाऊन बसलं. वेगळी डिस्क म्हणजे तरी काय, कपाटातल्या सगळ्याच डिस्कांमधून थोडी थोडी जागा काढून एकीचं सोंग उभं करायचं. व्हर्च्युअल म्हणतात तिला. थांबाभाऊ म्हणायचा, एकत्र कुटुंबात जशी ज्याची त्याची ट्रंक.

मी त्यांच्या घरी होते तेव्हाची गोष्ट. ऑपरेशन तोंडावर आलेलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याची एक प्रत आणा की घरी."

"तसं नेता येत नाही. रुग्णाचा आवाज दवाखान्याबाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे."

"अहो, रुग्ण तुमच्याच घरात राहतोय! तुमच्याच ताटात जेवतोय!"

मी खो खो हसले. तोही हसला. पण प्रत आणली नाही. वाचाताईकडे रीतसर अर्ज केला असता तर मिळालीही असती. त्याला अर्जही करायचा नव्हता. त्या अर्जावर त्याचं आडनाव दिसलं असतं.

ऑपरेशन झालं. वहिनी वाचल्या. गळ्याशी एक भोक, त्यावर जाळीचा रुमाल, आणि हातात एक छोटी पांढरी फळी, लिहायला आणि पुसायला. खिडकीतलं काम गेलं. त्यांच्या जागी माईक दुरुस्त झाला.

आता सगळी वाट होती ती नव्या सॉफ्टवेअरची. त्यातून फोनमधला आवाज तयार होणार होता. कंपनीचा माणूस ते बसवायला आला. तरुण, चुणचुणीत, मनाने वाईट नाही. तो म्हणाला की आधी सगळ्या जुन्या नोंदी साफ होतील, नव्या पद्धतीत बसतील, नको तो गोंगाट निघून जाईल. ऐकणाऱ्या सगळ्यांना वाटलं, पंख्याचा गोंगाट. आवाज विभागाच्या डिस्कची वेगळी प्रत ठेवलेली नव्हती. आवाजाच्या फायली आकाराने मोठ्या, जागा कमी, आणि स्नॅपशॉट तर थांबाभाऊ घेतोच, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. थांबाभाऊने तेव्हा एकदा तोंड उघडलं होतं, दुसऱ्यांदा उघडलं नाही. दुसऱ्यांदा बोलायच्या वेळी त्या डिस्कवर वहिनींचा आवाज आलेला होता, आणि ते बोलणं घरच्यासाठी केल्यासारखं दिसलं असतं.

त्या दुपारचं मला दोघांकडून कळलं, थांबाभाऊकडून आणि त्या बसवणाऱ्याकडून, आणि दोघांचं तंतोतंत जुळलं.

काम सुरू व्हायच्या आधी थांबाभाऊने नेहमीसारखा स्नॅपशॉट घेतला. मग सॉफ्टवेअर एकेक फाइल उचलून नव्याने लिहायला लागलं. एरवी दिवसभरात भिंतीवरच्या चार ओळी पुसल्या जातात. इथे अख्खी भिंत पुसायला घेतली होती. प्रत्येक ओळ पुसण्याआधी पाटीवर उतरत होती आणि पाटी भराभर भरत चालली. मोठी पाटी द्यायला कपाटात जागा शिल्लक नव्हती.

बसवणारा म्हणाला, "भाऊ, तुमच्या कपाटाचा दिवा पिवळा झाला."

"पाटी भरत आलीय."

"मग? थांबवू का? नंतर पुढे नेऊ. मला काय, मी उद्याही इथेच आहे."

नीट ऐका. तो परका पोरगा स्वतःहून विचारत होता. थांबाभाऊचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला होता. तो हात आयुष्यभर कुणाकुणासाठी वर झाला होता, चपराश्याच्या हजेरीसाठी, कॅन्टीनच्या हिशेबासाठी, माझ्या संघटनेच्या फालतू फायलींसाठीसुद्धा. इतक्यात दारात साहेब. त्याला खाली सहसा कुणी पाहत नाही, त्या दिवशी आला, कारण नवा विभाग दाखवायला पाहुणे यायचे होते.

"काय थांबाभाऊ, आज थांबा नाही म्हटलं अजून? का घरचं प्रकरण आहे म्हणून आज जास्तच थांबायचंय?"

साहेब हसला. वाईट हेतूने बोलला असंही नाही. असली माणसं हेतू ठेवून बोलतच नाहीत, हेतूला डोकं लागतं.

थांबाभाऊचा हात खाली आला. "चालू द्या," तो म्हणाला.

थोड्या वेळाने दिवा लाल झाला. पाटी भरली आणि कपाटाने, पहिल्याच दिवशी सांगून ठेवल्याप्रमाणे, लिहिणाऱ्याचा हात न धरता पाटी फेकून दिली. पडद्यावर एक ओळ आली की स्नॅपशॉट निकामी झाला आहे. बसवणारा म्हणाला, "हे?" थांबाभाऊ म्हणाला, "होतं असं कधी कधी." काम वेळेत संपलं. पाहुणे आले, चहा प्याले, गेले.

वाचाताईंनी फायली उघडल्या. सगळ्या रुग्णांचे आवाज ठणठणीत, पहिल्यापेक्षा स्वच्छ. वहिनींची फाइल उघडली आणि ती पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिली. सॉफ्टवेअरने छापील वाक्यांशी ताडून पाहिलं होतं. वाक्यात बसलं ते ठेवलं, बाकीचा गोंगाट म्हणून काढला. वहिनींची तीन वाक्यं शिल्लक होती. हवा, खिडकी आणि पेला. एवढ्यावरून फोनमधला आवाज तयार होणार नव्हता.

एरवी काय केलं असतं? हसत हसत मागे गेलो असतो. स्नॅपशॉट त्यासाठीच तर असतो.

मी भडकले. म्हटलं, निवेदन, धरणं, पेपरात बातमी, साहेबाला फाटकातून आत येऊ देत नाही. दवाखान्याने उत्तर तयारच ठेवलं होतं: कुणाचंही नुकसान नाही, एका रुग्णाने सूचनेप्रमाणे वाचन केलं नव्हतं. हे ऐकून तर माझं टाळकंच सटकलं. थांबाभाऊ टपरीवर स्वेटर घालून बसला होता. बाहेर ऊन होतं.

"कशाला लढतेस?" तो म्हणाला. "हात माझा होता."

"साहेब बोलला म्हणून खाली आला ना?"

"साहेब रोज बोलतो. मी कधी ऐकलंय?"

मला राग येतो तो या प्रामाणिकपणाचा. दुसऱ्याला फसवणारा प्रामाणिक नसतो हे आपल्याला शिकवलेलं असतं. घरच्या माणसाला रांगेत मागे ढकलून आपण स्वच्छ राहतो, हे कुणी शिकवलं? मी हे त्याला सुनावलं, चांगलं घसा फोडून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चहाचे पैसे देऊन खाली गेला. नंतर कळलं की त्याने त्या डिस्कचा नियम बदलला. आता पाटी भरली तर लिहिणं थांबेल, पाटी राहील. वरून परवानगी आणली, वेगळी प्रतही सुरू करून घेतली. बसवणारा मला म्हणाला, "आता काय उपयोग हो, राखायचं ते गेलं." मी त्याला म्हटलं, गप्प बस. पण बरोबरच बोलत होता.

वहिनींना त्याने एवढंच सांगितलं होतं की मशीन बिघडलं. त्यांनी मानलंही. मशीनं बिघडतात, माईक नाही का बिघडला होता.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, फळीवर भराभर लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरलं: "पुढारीणबाई, त्या मशीनवर मोर्चा काढा. मी पुढे चालते. घोषणा तुम्ही द्या."

मी कसंबसं हसले. तेवढ्यात थांबाभाऊ कामावरून आला. चप्पल जोडीने लावली, दिवा तपासला, कुलूप ओढलं. "मी आलो," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. रोज असाच उभा राहत असणार. आतून काहीच येणार नाही हे माहीत असून, येण्याइतका वेळ देऊन.

मग आत आला, फळी वाचली, आणि स्वेटरही न काढता खाली बसला.

"मशीन नव्हतं बिघडलं," तो म्हणाला. "मला थांबवता येत होतं. तो मुलगा विचारत होता, थांबवू का. मी चालू दे म्हटलं."

वहिनींनी भुवया वर केल्या.

"तुझा आवाज होता म्हणून."

 त्यांना आधी कळलंच नसावं. मग फळी पुसली, लिहिलं, आणि या वेळी माझ्याकडे न धरता त्याच्याकडे धरली. मला बाजूने दिसली. "शेजारणीचा असता तर?"

थांबाभाऊ खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. आयुष्यात एकदा.

"थांबवलं असतं," तो म्हणाला.

वहिनींनी पदराने फळी पुसली. पुसून स्वच्छ झाली तरी पुसत राहिल्या. रडल्या नाहीत. ज्या बाईला हॉलभर ओरडता यायचं तिला आता ओरडायचं होतं, आणि ते कुठून निघणार, गळ्याशी नुसती हवा फुसफुसत होती. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने बसवलं. कोपऱ्यातला फोन घेतला. वाचाताईंनी त्यात घालून दिलं होतं जे उरलं होतं ते. मला ठाऊक होतं की त्या फोनला हात लावत नाहीत. त्यांनी बटण दाबलं, आणि खोलीत वहिनींचा आवाज आला. त्यांचाच, बसलेला, घोगरा, जसाच्या तसा.

"आज हवा छान आहे."

परत दाबलं. "खिडकी उघडी आहे." थांबाभाऊकडे बघत, एकेक बटण, जणू त्याला शिव्यांची लाखोली वाहतायत. "टेबलावर पाण्याचा पेला आहे." पुन्हा पहिल्यापासून. तो मान खाली घालून ऐकत होता. मधे एकदा त्याचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, वर, नेहमीचा तो हात. तोंड उघडलं. मग मिटलं, हात परत गुडघ्यावर ठेवला, आणि वहिनींनी पुढचं बटण दाबलं.